लष्करातून निघालेली हाय बॉनेट जीप: घरची दुरुस्ती, पासिंग आणि पहिला पावसाळा

लष्कराच्या लिलावातून निघालेली हाय बॉनेट जीप घरच्या पार्किंगमध्ये उघडून दुरुस्त केली आणि पुण्यात तिचं रीतसर पासिंग करून घेतलं, त्याची ही नोंद. गाडी ऑक्टोबर २०२४ मध्ये घरी आली, मे २०२५ मध्ये नवी मुदत घातलेली आरसी हातात पडली आणि आता तिचा पहिला पावसाळाही पार पडलाय. सगळं काम सुट्टीच्या दिवशी झालं. ज्यांच्या शेतावर अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, किंवा जे विकत घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना हात कुठून घालावा ते कळावं म्हणून मापांसकट लिहितोय.

गाडी महिंद्राची सीजे-३बी. अमेरिकेतल्या विलीज कंपनीने हे मॉडेल १९५३ साली आणलं आणि महिंद्राने ते परवान्यावर इथे बनवलं. इंजिन २१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं, एफ-हेड. म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. या रचनेमुळे इंजिन उंच होतं आणि म्हणून बॉनेटही उंच. तीन गिअर, त्यामागे हाय-लो असलेला ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा), चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. साधा माणूस पुस्तक समोर ठेवून ही गाडी पूर्ण समजून घेऊ शकतो, आणि म्हणूनच ती घरी करण्याजोगी आहे. कामाचा क्रम मात्र बदलू नये: आधी कागद, मग ब्रेक, मग स्टिअरिंग, त्यानंतर इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग. बहुतेकांचा उत्साह रंगात आणि टायरमध्ये संपतो आणि गाडी चकचकीत होऊन जागेवर उभी राहते.

कागदांपासून सुरुवात. लष्कराची गाडी लिलावात निघाली की तिची नागरी नोंदणी फॉर्म २० वर होते आणि सोबत संबंधित लष्करी अधिकाऱ्याने दिलेलं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. हा कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण नंतर तो मिळवणं जवळपास अशक्य असतं. आमची जीप काही दशकांपूर्वीच लिलावात निघून सातारा जिल्ह्यात नोंदली गेली होती, त्यामुळे हा टप्पा आधीच्या मालकाने पार केलेला होता. तरीही तीन गोष्टी सौद्याआधी तपासल्या.

पहिली, इंजिन नंबर. लष्करी वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉलच्या वेळी एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणं ही नेहमीची बाब होती. त्यामुळे आरसीवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर वेगळा निघण्याची शक्यता या गाड्यांत इतर जुन्या गाड्यांपेक्षा जास्त असते. नंबर ब्लॉकच्या पुढच्या तोंडाला, वॉटर पंपाच्या मागच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. तिथे साठ वर्षांचं ग्रीस आणि रंग बसलेला असतो. रॉकेल आणि पितळी ब्रशने साफ करून वर पांढरा खडू घासला की अंक उठून दिसतात. एमरी पेपर किंवा कानस अजिबात लावू नका. नंबरावर घासल्याच्या खुणा दिसल्या की तपासणीच्या वेळी संशय येतो. दुसरी गोष्ट इंधनाचा रकाना. अशा कितीतरी जीपमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलं गेलं आणि आरसीवर अजून पेट्रोलच आहे. इंजिन बदलाची नोंद आरसीवर नसेल तर पासिंग तिथेच अडतं. तिसरी, आरसीची मुदत आणि पर्यावरण कर कुठपर्यंत भरलाय ते.

गाडी साताऱ्याहून पुण्याला आणायची म्हणून फॉर्म २८ वर एनओसी, मग नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरायचा, शुल्क तिथेच भरायचं आणि छापील प्रती चासी नंबरच्या पेन्सिल प्रिंटसह (नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) कार्यालयात द्यायच्या. पेन्सिल प्रिंट घरीच चार-पाच काढून ठेवा. जुन्या चासीवर ती नीट उमटायला वेळ लागतो. एनओसीला तीनेक आठवडे आणि नावावर व्हायला साधारण दीड महिना गेला. विमा फक्त थर्ड पार्टीचा घेतला. १५०० सीसीच्या वरच्या खासगी मोटारीला त्याचा हप्ता ७,८९७ रुपये अधिक जीएसटी असा ठरलेला आहे.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणीचाही पर्याय आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आम्हाला सिंहगड, पानशेत, कधी भोरपर्यंत जायचं होतं, म्हणून साधी नोंदणीच पुढे चालू ठेवली. तुमची गाडी मूळ अवस्थेत असेल आणि वर्षातून दोनदा बाहेर निघणार असेल तर व्हिंटेजचा विचार जरूर करा. थर्ड पार्टीच्या हप्त्यातही निम्मी सवलत मिळते.

कागद फिरत होते तोवर जागा आणि हत्यारं जमवली. सोसायटीच्या समितीला लेखी कळवून परवानगी घेतली: तेल जमिनीवर सांडणार नाही, दुपारी दोन ते चार ठोकाठोक होणार नाही आणि वेल्डिंग आवारात होणार नाही. हे आधीच लिहून दिलेलं बरं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये आणि विटांवर तर नाहीच; तीन टनी लोखंडी घोड्यांची (गाडी टेकवायच्या स्टँडची) जोडी घ्या. पाने मिलिमीटरचे चालत नाहीत. या गाडीचे सगळे नट-बोल्ट इंची आहेत: अर्धा, नऊ-सोळांश, पाऊण. चौदाचा पाना नऊ-सोळांशला जवळजवळ बसतो आणि नेमका तोच बोल्टची डोकी गोल करतो. चांगले जुने इंची पाने आणि रिंगा मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मिळतात. आणखी दोन खास वस्तू लागतात: पुढच्या हबच्या नटासाठी दोन पूर्णांक एक सोळांश इंचाचा बॉक्स पाना आणि मागच्या हबसाठी पुलर. पुलर विकत घेण्याऐवजी जुन्या जीप फिटरकडून दोन दिवसांसाठी आणला.

नोव्हेंबरमध्ये ब्रेक उघडले. ही गाडी सिंगल सर्किटची आहे, म्हणजे एका चाकाजवळ तेल गळलं तर चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून इथे 'चालतंय, राहू दे' असं काही नसतं. पुढचं चाक काढून हबचा कप, ड्राइव्ह फ्लँजचे सहा बोल्ट, मग आतले दोन नट आणि त्यांच्यामधला वळवलेला वॉशर काढला की ड्रम हबसकट बाहेर येतो. डाव्या बाजूच्या स्टडवर 'एल' अक्षर दिसलं तर चाकाचे नट उलट्या आट्यांचे आहेत. पाइप लावून जोर करण्याआधी हे बघा, नाहीतर स्टड तुटतो. मागचा हब निमुळत्या शाफ्टवर चावीने बसलेला असतो आणि पुलरशिवाय निघत नाही. पुलर लावताना शाफ्टचा नट पूर्ण काढायचा नाही, चार-पाच आटे सैल करून तसाच ठेवायचा. हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो आणि नट नसेल तर ड्रम अंगावर येतो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. तो मार आतल्या बेअरिंगला बसतो.

ब्रेक शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (ड्रमला घासणाऱ्या थरात) अॅस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, ब्रशने कोरडी झाडूही नये. पाण्यात थोडा साबण टाकून ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

आता व्हील सिलिंडर, म्हणजे प्रत्येक चाकाजवळ शू ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर. रबरी टोपी उलटली तेव्हा आतून तपकिरी चिखलासारखा गाळ आला. पिस्टन जाम होता. तो बाहेर ढकलून भिंत उजेडात धरली तर खालच्या बाजूला, जिथे तेलातलं पाणी साचून राहतं तिथे, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. नखाने ओढून पाहायचं: नख अडकलं तर सिलिंडर बदलायचा, नुसता डाग असेल तर बारीक होनिंग करून (आतली भिंत घासून गुळगुळीत करून) नवं किट घालायचं. आमचे मागचे दोन्ही बदलले, पुढचे होनिंगवर निभावले. किट मागताना माप सांगा: पुढचा सिलिंडर एक इंच बोअरचा, मागचा पाऊण इंचाचा. दुकानदार चारही सारखेच देतो म्हणाला तर घेऊ नका. पुढे जास्त आणि मागे कमी जोर लागावा म्हणूनच मापं वेगळी ठेवलेली आहेत. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे तेल ढकलणारा) ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली असतो. तिथे चिखल थेट उडतो, त्यामुळे तो नवाच घातला. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलेलं असेल तर ब्रेक हळूहळू स्वतःच लागतात आणि ड्रम तापतात. कारण शोधत बसायच्या आधी ते छिद्र बघा.

नळ्या स्टीलच्याच, दुहेरी फ्लेअर काढलेल्या. एसीवाल्याकडची तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून कुणी सुचवेल, पण ती कंपनाने कडक होऊन चिरते. शू बसवताना ड्रम आणि लायनिंगमधली फट टाचेकडे पाच आणि टोकाकडे आठ हजारांश इंच ठेवायची, म्हणजे अंदाजे ०.१३ आणि ०.२० मिलिमीटर. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल हवीच. ती नसेल तर मास्टरमधलं परतीचं छिद्र उघडत नाही आणि ब्रेक धरून राहतात. चारही चाकांचं लायनिंग, मागचे सिलिंडर, मास्टर, किट, नळ्या आणि होज मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास गेले.

हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर आहे. तिथलं ऑइल सील गळलं की हँडब्रेकचं लायनिंग तेलात भिजतं आणि तो पकडत नाही. लायनिंग बदलून उपयोग नसतो, आधी सील बदला. आणि चालत्या गाडीत हा हँडब्रेक ओढू नये, सगळा झटका शाफ्ट आणि गिअरांवर येतो.

डिसेंबरमध्ये स्टिअरिंग. या गाड्यांची एक ओळखीची तक्रार म्हणजे चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाला खड्डा लागला की पुढची चाकं आणि स्टिअरिंग थरथरू लागतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते बंद होत नाही. लोक चाकांचं बॅलन्सिंग करून घेतात, स्टिअरिंग डॅम्पर लावतात. मूळ बहुतेक वेळा किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंट्यांच्या, सैल बेअरिंगमध्ये असतं. पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना गोल नकल आहेत, त्यांच्या वर-खाली शंकूच्या आकाराची बेअरिंगं असतात आणि त्यांचा ताण शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून-घालून ठरवतात. बेअरिंगचे नंबर ११५९० आणि ११५२०, चाकाच्या बेअरिंगचे १८५९० आणि १८५२०. जीपचा पार्ट म्हणून मागण्याऐवजी बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगून घेतलं तर खात्रीचा माल मिळतो.

ताण मोजायला भाजीवाल्याकडे असतो तसा हुकचा स्प्रिंग काटा पुरतो. नकलचं मोठं ऑइल सील आणि टाय रॉड काढून ठेवायचा, टाय रॉडच्या भोकात काटा अडकवायचा आणि नकल सावकाश ओढायची. हलायला लागल्यावर काटा साडेपाच ते सव्वासात किलोच्या मध्ये असला पाहिजे. आमच्याकडे डावीकडे काटा एक किलोही दाखवत नव्हता. नकल नुसत्या बोटाने फिरत होती. वरून तीन आणि खालून तीन हजारांश इंचाची शिम काढली, पुन्हा ओढलं, पुन्हा काढली. वर आणि खाली सारखीच कमी करायची, नाहीतर आतला जॉइंट मध्यावर राहत नाही. या मापावर आल्यानंतर टाय रॉडची टोकं आणि मधल्या बेलक्रँकचा पिन-बुश नवा घातला, टो-इन (चाकांचा पुढच्या बाजूने आत झुकाव) दीड ते दोन मिलिमीटर ठेवलं. गाडी रस्त्यावर आल्यावर थरथर आलेली नाही. नकलचं फेल्ट आणि रबरी सील त्याच वेळी बदला. ते गळलं की ग्रीस थेट पुढच्या ब्रेक शूवर जातं आणि नोव्हेंबरची मेहनत वाया जाते. चाकाचं बेअरिंग बसवताना चाक जड फिरेपर्यंत नट आवळायचा, मग एक-षष्ठांश फेरा मागे आणायचा आणि वॉशर वळवून दुसरा नट घट्ट करायचा.

टायर ६.००-१६ मापाचे. पाच टायर-ट्यूबला सव्वीस हजार लागले. रुंद टायर लावले की स्टिअरिंग जड होतं आणि किंगपिन पुन्हा लवकर सैल होतात, म्हणून मूळ मापच ठेवलं.

जानेवारीत इंजिन. बरीच वर्षं उभी असलेली गाडी बॅटरी लावून थेट सुरू करायची नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल टाकलं, दोन दिवस तसंच ठेवलं आणि मग पुढून हँडल घालून हाताने फिरवलं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलट फिरलं तर विरुद्ध बाजूला असलेला अंगठा मोडतो. इंजिन मोकळं फिरतंय म्हटल्यावर जुनं ऑइल काढलं, संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) खाली उतरवून तळाचा गाळ आणि पंपाची जाळी धुतली. हा गाळ काढल्याशिवाय नवं ऑइल घालण्यात अर्थ नाही. नवं मिनरल २०डब्ल्यू-४० भरलं, फिल्टरसह पावणेपाच लिटर. प्लग न लावता स्टार्टर फिरवून मीटरला ऑइल प्रेशर आल्यावरच प्लग बसवले. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला ११० ते ११८ पीएसआय आलं. नव्या इंजिनाला १२० ते १३० असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौघांमधला फरक दहाच्या आत हवा. म्हणून बोअरिंगला हात लावला नाही.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर: इनलेट ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच. इनलेट वरचं झाकण काढलं की समोर दिसतात. एक्झॉस्टचे ब्लॉकच्या बाजूच्या झाकणामागे, मॅनिफोल्डच्या खाली असतात. हात जात नाही, आणि म्हणून अनेक फिटर फक्त वरचे सेट करून देतात. एक्झॉस्ट घट्ट राहिले की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता बाहेर पडत नाही आणि कडा जळते. बाजूचं झाकण उघडाच, पातळ तोंडाचे दोन पाने लागतात. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील तेव्हा पहिल्याचे सेट करायचे आणि उलट. दोन आणि तीन यांची तशीच जोडी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरतो. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३०, टायमिंग पिस्टनच्या वरच्या टोकाच्या पाच अंश आधी.

पेट्रोलची टाकी सीटखाली, चाळीस लिटरची. तीत वार्निशसारखा चिकट थर आणि गंज होता. टाकी काढून दोन किलो सायट्रिक अॅसिड कोमट पाण्यात विरघळवून काठोकाठ भरली, चोवीस तास ठेवली, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुतली. ओली टाकी अर्ध्या तासात पुन्हा गंजते, म्हणून उन्हात ठेवून आत गरम हवा सोडली आणि लगेच आतून तेलाचा हात फिरवला. रिकाम्या टाकीला वेल्डिंग कधीही करू नका. आतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते.

आता पंपावर येणारं पेट्रोल ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) असतं, आणि या गाड्यांसाठी तो स्वतंत्र विषय आहे. इथेनॉल जुने रबरी पाइप मऊ करतं, पंपाचा डायफ्राम फुगवतं आणि टाकीतला जुना थर सोडवून कार्ब्युरेटरमध्ये आणतं. हवेतलं पाणीही ओढतं. सगळे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या आतल्या अस्तराचे घेतले, मेकॅनिकल पंपात नवा डायफ्राम घातला, टाकीनंतर पारदर्शक फिल्टर बसवला आणि पहिल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये तो दोनदा बदलावा लागला. आमच्याकडे मूळच्या कार्टर वायएफ कार्ब्युरेटरऐवजी सोलेक्सचा आहे. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणून मेन जेट एक पायरी मोठा घातला. चढावर येणारं अडखळणं त्याने थांबलं. पेट्रोल महिनाभर टाकीत पडू देऊ नका, दहा-बारा लिटरच भरा आणि वापरा.

फेब्रुवारीत रेडिएटर, ऑइल आणि वायरिंग. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन कॉक उघडला तर थेंबही आला नाही. आत घट्ट बसलेला गाळ तारेने फोडला तेव्हा लाल चिखल वाहायला लागला. मागच्या सिलिंडरभोवती हा गाळ साचतो आणि गाडी का तापते ते रेडिएटर बदलूनही कळत नाही. रेडिएटर पितळी आहे; तो फेकून अॅल्युमिनियमचा घेऊ नका, कोअर बदलून मिळतो. आमचं काम साडेआठ हजारांत झालं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला जीएल-४, ९० नंबरचं ऑइल. पहिल्यात सव्वा लिटर, दुसऱ्यात दीड. दोघांच्या मधलं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल ट्रान्सफरमध्ये उतरतं: एक कोरडा, दुसरा तुडुंब. म्हणून लेव्हल नेहमी दोन्हीकडची एकदमच बघायची. वायरिंगचं कापडी आवरण हातात चुरा होत असेल तर तुकडे जोडत बसू नका, पूर्ण नवं हार्नेस ओढा आणि प्रत्येक लाइनला फ्यूज द्या. इंजिन ते चासी अर्थिंगची जाड पट्टी विसरू नका. ती नसली की स्टार्टरचा करंट वाट शोधत क्लच केबल किंवा बेअरिंगमधून जातो.

मार्चमध्ये रंग. इथे एक नियम पक्का लक्षात ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना देता येतो. गाडी एकेकाळी लष्कराची होती म्हणून सूट मिळत नाही. वर बाण काढलेल्या नंबरप्लेट, युनिटच्या खुणा हेही काढूनच टाकायचं. पुण्यासारख्या, सदर्न कमांडचं मुख्यालय असलेल्या शहरात तर हे काटेकोर पाळावं. त्या रंगाचा आणि खुणांचा मान ज्यांचा आहे त्यांच्याकडेच राहावा. आम्ही आरसीवर असलेलाच राखाडी रंग दिला. आरसीवर रंग वेगळा असेल तर बदलाची नोंद आधी करून घ्या.

एप्रिलमध्ये पासिंग. नोंदणी नूतनीकरणाचा, फॉर्म २५ चा अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत करता येतो. उशीर झाला की महिन्यागणिक जादा आकार चढत जातो. सोबत विमा, पीयूसी आणि पर्यावरण कराची पावती. पेट्रोलच्या खासगी मोटारीला हा कर पाच वर्षांचा ३,००० रुपये. नूतनीकरणाचं शुल्क आम्ही ५,००० भरलं, पण ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना ते १०,००० झालंय, तेवढे धरून चला. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट ७४५ रुपये अधिक जीएसटी. पीयूसीला जुन्या गाड्यांची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम आहे. इंजिन अर्धा तास चालवून पूर्ण गरम करून जा, एअर क्लीनरच्या भांड्यातलं ऑइल ताजं ठेवा; टॅपेट आणि पॉइंट मापावर असतील तर ही गाडी आरामात बसते.

तपासणीला जाताना गाडी आतून-खालून धुतलेली असावी. अधिकाऱ्यांनी चासी आणि इंजिन नंबर, ब्रेक, हॉर्न, वायपर, दोन्ही आरसे, इंडिकेटर, मागचे रिफ्लेक्टर, ब्रेक लाइट पाहिले. नंबरांच्या जागी आम्ही आधीच खडू लावून ठेवला होता, त्यामुळे त्यात वेळ गेला नाही. अपॉइंटमेंट मिळायला दोनेक आठवडे आणि आरसी पोस्टाने यायला तीन लागले. एजंटशिवाय हे सगळं होतं. कागद ज्या क्रमाने मागतात त्याच क्रमाने लावून फाइल न्यायची आणि प्रत्येकाची एक जादा झेरॉक्स.

मे महिन्याच्या उन्हात एकच अडचण आली: सिंहगडाच्या चढावर इंजिन पेट्रोल न मिळाल्यासारखं बंद पडायचं आणि दहा मिनिटांनी सुरू व्हायचं. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ धरत होती. ई२० मध्ये हे जास्त जाणवतं. एक्झॉस्टजवळून जाणारी नळी दोन इंच दूर वळवली, पंप आणि मॅनिफोल्डच्या मध्ये पत्र्याचा आडोसा दिला, आणि तो प्रश्न मिटला.

पावसाळ्यात ब्रेक ओले होतात तेव्हा पाण्यातून निघाल्यावर पेडल हलकं दाबून शंभर-दीडशे मीटर चालवायचं, ड्रम तापून कोरडे होतात. घाट उतरताना गिअर न्यूट्रल करू नये, दुसऱ्या गिअरवरच सोडायची. दोन्ही डिफरन्शियलच्या डोक्यावर हवेसाठी छोटा ब्रीदर असतो. तो बुजला की गरम एक्सल पाण्यात शिरताना सीलमधून पाणी आत ओढतो. आम्ही सप्टेंबरमध्ये ऑइल उतरवून पाहिलं, दुधाळ झालेलं नव्हतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, जूनच्या आधी पूर्ण बदलायचं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग सिलिंडरमध्ये पुन्हा तेच खड्डे पडतात. ग्रीस निपल दर दीड हजार किलोमीटरला, पाट्यांच्या शॅकल आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉससकट.

ट्रान्सफर केसचा हुंकार अजून आहे. दुसऱ्या गिअरवर, रेस सोडल्यावर तो वाढतो. म्हणजे आतला इंटरमीडिएट शाफ्ट आणि त्याच्या सुया (बारीक रोलरची बेअरिंगं) झिजल्यात. दिवाळीनंतर तो उघडायचा आहे. किट मागवण्याआधी जुना शाफ्ट बाहेर काढून व्हर्नियरने मोजणं आवश्यक आहे, कारण हा शाफ्ट पाऊण, सव्वा आणि एक पूर्णांक एक अष्टमांश इंच अशा तीन मापांत येतो आणि बाहेरून तिन्ही केस जवळपास सारखेच दिसतात.